काम बरं आहे का, हे आपल्याला कुणी विचारलंय?

(दसऱ्याच्या आधी नारायणगड, जि. बीड इथं ऊसतोड कामगार आणि जमीन हक्काचं काम करणारे यांची एकत्र बैठक झाली. सातपुड्यातून गेलेल्या आपल्या कार्यकर्तीनं तिथं केलेलं हे भाषण. बोलली तसंच ठेवलं आहे. गावच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवावं.)





मी नंदुरबार जिल्ह्यातली, धडगावकडची. भिल्लाची पोर. आश्रमशाळेत राहून बारावीपर्यंत शिकले. तुमच्यासमोर बोलायला मला बीडच्या साथींनी बोलावलं, त्यांची मी आभारी आहे.

सकाळी गडावर जाऊन आले. तुम्ही ह्या जागेला धाकटी पंढरी म्हणता. इथल्या महाराजांचं नाव नगद नारायण. पायऱ्या उतरताना माझ्या मनात आलं, वर नाव नगद आणि खाली आपलं सगळं उचलीवर. लग्न उचलीवर, दवाखाना उचलीवर, पोराची वह्या-पुस्तकं उचलीवर. काम करायच्या आधीच मजुरी खाऊन झालेली असते, आणि मग सहा महिने ती फेडायला जायचं.

आमच्याकडं पण असंच आहे. तुम्ही सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडं जाता, कर्नाटकात जाता. आम्ही गुजरातमध्ये बारडोली, सुरतेच्या बाजूला जातो. आता आमच्या पण काही टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात यायला लागल्या. म्हणजे तुमचे आणि आमचे फड एकमेकाला लागलेले आहेत. पण आपण एकमेकांशी बोललेलो नाही. मुकादम आम्हाला सांगतो, जास्त बोललात तर बीडवाल्यांना आणीन. तुम्हाला काय सांगतात? (खालून आवाज: "आदिवासी कमी उचलीत येत्यात म्हणून.") बघा. दोघांना एकच भीती दाखवतात.

आज मला एकच गोष्ट बोलायची आहे. मोर्चात, बैठकीत आपण दराचं बोलतो. ते बोललंच पाहिजे. पण बाहेरगावी जाऊन काम करणाऱ्या माणसाला, काम बरं आहे का, तिथं तू सुखी आहेस का, हे कुणी विचारत नाही. कारखाना विचारत नाही, सरकार विचारत नाही, आपण नवरा-बायको पण एकमेकाला विचारत नाही. म्हणून गेल्या हंगामात मी फडावर गेले तेव्हा कोप्यांमधून फिरून हे विचारत होते.

पहिल्यांदा लोक हसले. मग बोलायला लागले.

एक म्हातारबाबा म्हणाले, "माझ्या हाताला अजून तोड आहे. मी जमिनीला टेकवून तोडतो, बुडख्यात साखर असती. माझी मोळी गव्हाणीपर्यंत सुटत नाही." त्यांना कामाचा अभिमान आहे. हे लक्षात ठेवा. ऊसतोड म्हणजे अडाण्याचं काम, असं म्हणणाऱ्यानं एक दिवस मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढून दाखवावं.

एक बाई म्हणाली, "मला दिवसाउजेडी, आडोशाला, निवांत अंघोळ करायला मिळाली तर मी म्हणीन काम बरं आहे." बाकी काही मागितलं नाही तिनं. पहाटे तीनला उठते, भाकरी थापते, अंधारात अंघोळ उरकते, चारला फडात.

एक पोरगा माझ्याच वयाचा. तो म्हणाला, "वजनाची चिठ्ठी माझ्या हातात द्यावी. मी किती तोडला हे मला दुसऱ्याच्या तोंडून कळतं."

आणि एक जण म्हणाला, "गावापेक्षा इथं बरं आहे. रोज भाकरी तरी मिळती." असं म्हणणारे बरेच होते. ते खोटं बोलत नव्हते. पण माणूस बरं कशाच्या मानानं म्हणतो ते बघा. गावात पाऊस नाही, काम नाही, जमीन नावावर नाही. त्या रिकाम्या पोटाच्या मानानं फड बरा. ह्याला समाधान म्हणायचं का? मी म्हणते, ही लाचारी आहे. पण आपल्याला तिची इतकी सवय झाली की तिलाच आपण बरं म्हणतो.

आता दराचा हिशोब करू. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढीचा करार झाला. तोडणीचे टनाला २७३ रुपये होते ते ३६६ झाले. संघटनांनी संप, कोयता बंद केला म्हणून झाले, कुणी दान दिलेलं नाही. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. बघा, दोन माणसांना मिळून एका हत्याराचं नाव आहे. तर एक कोयता दिवसाला दोन टन धरा. ७३२ रुपये झाले. दोघं चौदा-चौदा तास राबतात. म्हणजे एका माणसाला तासाला २६ रुपये. दीडशे दिवस एकही सुट्टी न घेता तोडला तर एक लाख नऊ हजार आठशे. लाखाची उचल घेतली असेल तर वर राहिले नऊ हजार आठशे. त्यातून आठवड्याची खर्ची वजा. आजारी पडला तर खाडा, पाचशे रुपयांपासून वर. शेवटी काय होतं तुम्हाला माहीत आहे. बाकी अंगावर राहते, आणि पुढच्या दसऱ्याला त्याच मुकादमाच्या गाडीत चढावं लागतं.

दर वाढला तरी हे का सुटत नाही? कारण आपल्याला नाही म्हणता येत नाही. रात्री दोनला गाडी भरायला बोलावलं, नाही म्हणता येत नाही. ताप आहे, नाही म्हणता येत नाही. वजनात मारलं, बोलता येत नाही.

यान ब्रेमन नावाच्या हॉलंडच्या अभ्यासकांनी दक्षिण गुजरातच्या ऊसतोडीवर पुष्कळ वर्षं काम केलं. त्यांनी एक गोष्ट दाखवून दिली. तिथल्या गावात हळपती मजूर रिकामे बसलेले असताना कारखाने खानदेशातून, डांगातून माणसं आणतात. का? स्थानिक माणूस संध्याकाळी आपल्या घरी जातो. बाहेरून आणलेला माणूस फडाशेजारीच झोपतो, कधीही उठवा. आपण कष्टाळू आहोत म्हणून आपल्याला नेतात असं आपल्याला वाटतं. आपण जाऊ शकत नाही म्हणून पण नेतात. आखाती देशात कामाला गेलेल्या माणसाचा पासपोर्ट मालक काढून घेतो, अशा तक्रारी आपण ऐकतो. आपल्याला पासपोर्ट नाही, आपली उचल तेच काम करते. १९७६ च्या वेठबिगार कायद्यानं, उचलीपोटी माणसाला बांधून ठेवणं गुन्हा आहे. ही गोष्ट पन्नास वर्षांत किती कोप्यांपर्यंत पोचली?

बायांचं वेगळं बोलते, पुरुषांनी मान खाली घालू नये, ऐकावं. २०१९ साली सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ह्याच बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा बायांत एक. देशभरात शंभर बायांमागं साधारण तीन असं प्रमाण आहे. पाण्याची सोय नाही, आडोसा नाही, पाळीत पण मोळी उचलायची, मग दुखणं. दुखण्याला सुट्टी घेतली तर खाडा. डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. मग बाई म्हणते, काढून टाका एकदाची. कामासाठी बाईनं शरीरातला अवयव काढून द्यायचा, आणि वर लोक म्हणणार, ऊसतोडीत पैसा आहे.

आता मी माझ्या मामाची गोष्ट सांगते. मग मला काय म्हणायचं ते कळेल.

मामा पंधरा-सोळा वर्षं कोयत्यावर जात होता. चिडका माणूस. फडावरून आला की महिनाभर कुणाशी नीट बोलायचा नाही. मग वनहक्क कायद्यात त्याच्या प्लॉटचा दावा मंजूर झाला. तीन एकर, मामा आणि मामी दोघांच्या नावावर, कारण कायद्यातच तसं आहे. त्या वर्षी बांध घातले, ज्वारी, तूर घेतली. घरात दाणे आले. दसऱ्याला मुकादम आला तेव्हा मामा म्हणाला, येतो, पण उचल निम्मीच दे.

त्या हंगामात मी पण सुट्टीत त्यांच्या कोपीवर गेले होते. काम तेच. कोयता तोच. थंडी तीच. पण मामा वेगळा होता. एका रात्री गाडी भरायला हाक आली, मामीला ताप होता. मामा म्हणाला, आम्ही सकाळी भरू. मुकादम ओरडला. मामा आत जाऊन झोपला. आणि होळी आली तेव्हा उचल फिटली होती, तर मामा हिशोब करून घरी निघाला. कारखाना अजून चालू होता. आमच्याकडं होळी म्हणजे सगळ्यात मोठा सण. काठीची राजवाडी होळी तुम्ही ऐकली असेल. कोयत्यावर गेलेल्या माणसाची होळी बुडते, त्याच्या मनात ते वर्षभर राहतं. मामा पंधरा वर्षांनी होळीला ढोलापुढं नाचला.

तीन एकरात तो काही श्रीमंत झाला नाही. अजूनही कोयत्यावर जातो. पण आता तो जातो, त्याला कुणी नेत नाही. कामातलं सुख मला तिथं कळलं. बाहेरगावी जाऊन राबायला आपला माणूस घाबरत नाही. घरी परतायला पायाखाली जमीन असली की तो तिथं माणसासारखा राहतो. नसली की कोयता होतो.

म्हणून मी म्हणते, जमिनीचा लढा आणि ऊसतोडीचा लढा हे दोन नाहीत. पण इथंच आपली एक मोठी गाठ आहे, आणि ती फार लोकांच्या ध्यानात येत नाही.

जमिनीचे कागद कधी फिरतात? हिवाळ्यात. आपण कुठं असतो? फडावर.

आमच्याच घरची गोष्ट सांगते. आमचा दावा होता. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असल्याचा पुरावा होता. म्हाताऱ्यांचे जबाब होते, बांध होते, आजोबाची समाधी त्या जमिनीत आहे. पाहणीला साहेब आले ते पौष महिन्यात. आई-बाबा फडावर, मी आश्रमशाळेत. झोपडीला काटी लावलेली. कागदावर लिहिलं गेलं, "दावेदार राहत नाही." नामंजुरीचं पत्र आलं ते गावात कुणाच्या तरी हातात दिलं. आई-बाबा चैत्रात परत आले तेव्हा ते पत्र घडी करून आढ्याला खोचलेलं मिळालं. अपिलाची मुदत साठ दिवस. ऊसतोड पाच-सहा महिने. साठ दिवस केव्हाच उलटून गेले होते.

बाबा ते पत्र घेऊन ओट्यावर बसले होते. म्हणाले, "आपण जगायला गेलो, तर जमीन गेली. जमीन राखायला बसलो असतो, तर जगलो नसतो." मी आंदोलनात आले ती ह्या पत्रामुळं.

मग आम्ही नियम वाचले. २०१२ च्या सुधारित नियमात लिहिलं आहे की नामंजुरीचा निर्णय दावेदाराला प्रत्यक्ष कळवला पाहिजे. साठ दिवसांची मुदत समिती आणखी तीस दिवस वाढवू शकते. आणि दावेदाराला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय अपील त्याच्या विरोधात निकाली काढता येत नाही. आम्ही अपिलात तेच लिहिलं. पत्र आमच्या हातात दिलंच नाही, तर मुदत सुरू कधी झाली? निकाल अजून लागलेला नाही. पण जमीन आम्ही सोडलेली नाही. कायद्याच्या कलम ४(५) प्रमाणं पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणाला काढता येत नाही. आणि बारा महिने झोपडीत बसून राहिलं तरच हक्क मिळेल, असं त्या कायद्यात कुठं पण लिहिलेलं नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं नामंजूर दावेदारांना काढायचा आदेश दिला होता, पंधरा दिवसांत त्याला स्थगिती मिळाली. पण तलवार टांगलेली आहे. ज्यांचे दावे असे गैरहजेरीत नामंजूर झाले, त्यांच्या डोक्यावर सगळ्यात आधी आहे.

इथं बीडमध्ये जंगल कमी. तुमचा भिल्ल, पारधी, दलित भूमिहीन गायरान कसतो. पण तुमची अडचण तीच. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे, १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायचा. त्यासाठी गाव नमुना एक-ई मध्ये नोंद लागते. आणि तलाठी येतो तेव्हा तुम्ही सांगलीला असता. शेजारचा बडा शेतकरी तोवर नांगर घालून मोकळा होतो.

तर आता ट्रकमध्ये चढायच्या आधी काय करायचं, ते सांगते. आमच्या गावांमध्ये आम्ही हे सुरू केलं आहे.

एक. ग्रामसभेचा ठराव करा. स्थळपाहणी आणि मोजणी कारखाना बंद झाल्यावर, लोक परतल्यावरच व्हावी. वनहक्काच्या नियमात पशुपालक आणि भटक्या जमातींसाठी हे लिहिलेलंच आहे, ते हजर असतील तेव्हाच त्यांच्या दाव्याची पडताळणी करायची. आपण पण सहा महिने भटकतो. आपल्याला तोच न्याय लावा, ही मागणी करा. ठरावाची पोच घ्या.

दोन. हिवाळ्यातल्या ग्रामसभेवर लक्ष ठेवा. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद लागतात, हजर असलेल्यात तिसरा हिस्सा बाया लागतात. दाव्याचा ठराव असेल तर निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर पाहिजेत. "किंवा प्रतिनिधी" हे शब्द आपल्या कामाचे आहेत. गावात राहणारं एक विश्वासाचं माणूस लेखी नेमून जा. म्हातारी आजी असली तरी चालेल, जमीन तिला आपल्यापेक्षा जास्त माहीत असते.

तीन. गावात एक वही ठेवा. कुणाचं पत्र आलं, कोणत्या तारखेला, कुणाच्या हातात दिलं, ते लिहायचं. त्याच दिवशी फोटो काढून फडावर पाठवायचा. दुसऱ्याच्या पत्रावर कुणी सही-अंगठा करायचा नाही.

चार. फडावर पण वही ठेवा. टोळीत एक तरी पोर शिकलेलं असतं. उचल किती, टन किती, खर्ची किती, खाडा किती, रोज लिहायचं. वजनाची चिठ्ठी मागायची. एकट्यानं मागू नका, सगळ्या टोळीनं मागा. राज्याबाहेर मजूर नेणाऱ्या ठेकेदारानं प्रत्येक मजुराला फोटोचं पासबुक द्यायचं, हे १९७९ च्या कायद्यातच सांगितलं होतं. कुणी बघितलंय ते पासबुक? आपलं पासबुक आपणच लिहू.

पाच. करार करताना पैशाबरोबर पाणी, आडोसा, संडास आणि आजारपणात खाडा नाही, हे बोलून घ्या. हे बायांनी बोलावं. अंगठा दोघांचा घेतात, तर बोलणं पण दोघांचं होऊ द्या.

हे केलं म्हणून उद्या सगळं सुधारेल असं मी सांगत नाही. बाबांचं अपील अजून पडून आहे, आणि ह्या वर्षी पण ते कोयत्यावर निघालेत. ह्या वेळी फरक एवढाच आहे, की गावात आमच्या वतीनं बोलायला माझी आत्या लेखी नेमलेली आहे, आणि आईच्या पिशवीत वही आहे.

शेवटची विनंती. फडावर आमची टोळी तुमच्या शेजारी आली तर पहिल्या संध्याकाळी चुलीवर चहा ठेवा, आमच्या माणसाला बोलवा, आणि दोन्ही टोळ्यांची उचल आणि दर एकमेकाला सांगा. मुकादमानं दोघांना काय काय सांगितलं ते तिथंच उघडं पडेल. आणि विचारा एकमेकाला, बाबा, काम बरं आहे का? खरं उत्तर द्या.

पट्टा पडल्यावर परत भेटू. तेव्हा वह्या घेऊन या.

आमू आखा एक से! जोहार!